डबल शिफ्टवालं प्रोटीन

ठाणे असो की डोंबिवली, ब्यूटी क्लिनिकच्या पाटीवर ‘प्रोटीन’ दिसलं की लोकलमध्ये उकडून निघालेल्या माझ्या चेहऱ्यालाही मोह होतो. म्हणून आज भेटा एपिमॉर्फिनला!

हे प्रोटीन चक्क डबल शिफ्ट करतं. पेशीच्या आत त्याचं नाव सिंटॅक्सिन-2. काम? दोन आवरणं एकमेकांत मिसळवणं. पेशीतला माल बाहेर पडतो तो असाच. पेशीबाहेर आलं की तेच प्रोटीन त्वचेच्या, अस्तराच्या पेशींना आकार घ्यायला मदत करतं. 1992 मध्ये जपानी संशोधकांनी उंदराच्या गर्भाच्या ऊतींमध्ये त्याला अडवलं, तर फुफ्फुसातल्या नळ्या आणि केसांची मुळं नीट घडेनात.

मग भरपूर चोपडायचं? थांबा बॉस! 2005 च्या एका प्रयोगात उंदरांच्या स्तनग्रंथीत ते जास्त बनवलं, तर काहींना कॅन्सर झाला. ‘रिकॉम्बिनंट ह्युमन’ म्हणजे माणसाचं जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं. एपिमॉर्फिनची अशी बाटली असते ती लॅबसाठी, गालांसाठी नाही.

मी तर आता कुठल्याही क्लिनिकमध्ये दोनच प्रश्न विचारते: प्रोटीनचं नाव काय, आणि माणसांवर तपासलंय का? उत्तर गुळमुळीत आलं, की पर्सची चेन बंद!