कोपऱ्यातला टब

ताईच्या फ्लॅटमधल्या बाथरूमची तोडफोड पुढच्या महिन्यात सुरू होतेय, आणि भाऊजींनी कोपऱ्यात बसणारा टब जवळजवळ नक्की केलाय. घरातली निम्मी मंडळी इथे डोकावतातच, तेव्हा माझं मत इथेच मांडते. फोनवर प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

भाऊजी म्हणतात, टब कोपऱ्यात गेला की जागा वाचते. ऐकायला पटतं. पण टेप लावून बघा. असा टब दोन्ही भिंतींना साधारण पाच-पाच फूट लागतो. पुढची बाजू तिरपी कापलेली असली तरी वीसेक चौरस फूट गेलेच. सरळ टब पाच बाय अडीच, म्हणजे साडेबारा. ताईची बाथरूम आठ बाय पाच. चाळीसातले वीस टबाला, आणि उरलेल्यात बेसिन, कमोड आणि आत उघडणारं दार! पाच बाय तीनचे, एका बाजूला निमुळते होणारेही मिळतात, पण त्यात डावा-उजवा असतो. निचऱ्याचा पाइप कुठे आहे ते बघून घ्यावा लागतो, नुसता रंग बघून नाही.

आता गरम पाण्याचा हिशेब. मला हाच भाग सगळ्यात मजेदार वाटतो. मोठ्या टबात अंग बुडेल इतकं पाणी म्हणजे अडीचशे लिटर तरी धरा. नळाचं पाणी २५ अंशांचं, अंघोळीला हवं ३९चं. गीझर ६० अंशांना पाणी देतो असं धरलं तरी शंभर लिटर कढत पाणी लागणार. ताईकडचा गीझर २५ लिटरचा, दोन किलोवॉटचा. तो एकदा तापायला अर्धा तास. असे चार वेळा! म्हणजे टब भरायला दोन तास आणि वीज चार युनिट. चौथं पाणी तापेपर्यंत पहिलं कोमट झालेलं असतं ते निराळंच. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं अंघोळीला ५५. टबातली एक अंघोळ म्हणजे जवळजवळ पाच जणांच्या अंघोळी. आणि मे महिन्यात सोसायटीत टँकर आला की खालून कोण कोण वर बघेल, ते भाऊजींनाच ठाऊक.

टबाला माझा विरोध नाही हं. दमून आल्यावर गरम पाण्यात पाय पसरून पडायला कुणाला नको? पण आपली अंघोळ वाहत्या पाण्याची. साबण लावला की वरून तांब्या हवाच. त्याच साबणाच्या पाण्यात बसून राहायचं म्हटलं की आपली माणसं शेवटी बाहेर येऊन दोन तांबे घेणारच. मग बादलीची जागाही हवीच ना!

खरी गोष्ट मात्र आईची आहे. दिवाळीनंतर ती ताईकडे राहायला जाणार. टबाची कड दीड-दोन फूट उंच असते. बाहेर कोरड्या लादीवर एक पाय, दुसरा ओल्या गुळगुळीत तळावर, आणि धरायला काही नाही. सरळ टबाला निदान लांब बाजूच्या भिंतीवर दांडी बसवता येते. कोपऱ्यातल्या टबात शिरायची बाजूच भिंतीपासून सगळ्यात लांब. आईचे गुडघे जिना चढताना काय करतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती स्वतः काही बोलणार नाही. "मला काय, कुठेही चालेल," म्हणेल आणि रोज जीव मुठीत धरून आत उतरेल.

एक राहिलंच. अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो, वर टब आणि माणूस. इमारत तीस वर्षांची आहे, इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि टब बसवलाच, तर निचऱ्यापाशी हात जाईल अशी झडप ठेवायला गवंड्याला सांगा. सगळं टाइल्सनी बंद केलं, तर खालच्यांच्या छताला ओल आल्यावर टाइल्सच फोडाव्या लागतात.

माझं विचाराल तर टब नकोच. शॉवर, उंबरा नसलेली लादी, न घसरणाऱ्या टाइल्स, भिंतीला दोन दांड्या, आणि बसायला एक पक्कं स्टूल.

तरीही टबच घ्यायचा असेल, तर ताई, पैसे भरायच्या आधी आईला दुकानात घेऊन जा. चपला काढून तिला त्या रिकाम्या टबात एकदा उतरू दे आणि तिची ती बाहेर येऊ दे. भाऊजींना लोकांसमोर लाज वाटत असेल, तर शनिवारी मी येते.