उपग्रहाच्या मापावर मुद्रा कोणाची?

किराणा दुकानदाराला आपला तराजू ठराविक मुदतीने सरकारी निरीक्षकाकडून पडताळून घ्यावा लागतो व त्यावर मुद्रा उमटवून घ्यावी लागते. पावकिलो साखरेच्या बाबतीत एवढी दक्षता आवश्यक मानणाऱ्या आपल्या देशात पीकविम्याचा निवाडा आता अंशतः उपग्रहांच्या प्रतिमांवरून होऊ लागला आहे. 2023 च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत प्रथम भात व नंतर गहू या पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज करताना दूरसंवेदनाला किमान 30 टक्के भार देण्याचे ठरले. उरलेला भार पीककापणी प्रयोगांकडे राहिला. पूर्वी आणेवारीवरून गावोगाव तंटे होत. यंत्र आले म्हणून तंटे संपतील, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे यंत्र मोजते कसे, हे थोडे समजून घेतले पाहिजे.

खरिपात आकाश ढगांनी व्यापलेले असल्याने साध्या छायाचित्रणाचा उपयोग मर्यादित असतो. रडार उपग्रह स्वतःच लहरी सोडतो, त्या ढगांतून पार होतात आणि जमिनीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीची तीव्रता नोंदली जाते. लावणीच्या वेळी खाचरातील संथ पाणी लहरींना आरशाप्रमाणे पलीकडे परावर्तित करते, म्हणून ते प्रतिमेत काळे दिसते. पीक वाढू लागले की तेच शेत उजळत जाते. या उजळण्याच्या क्रमावरून भाताचे क्षेत्र व त्याची वाढ ओळखली जाते. अर्थात ‘किती उजळ’ हा प्रश्न येथे दिसण्याचा न राहता मोजण्याचा होतो.

या मोजमापात दोन प्रकारच्या त्रुटी संभवतात. पहिली म्हणजे रडार प्रतिमेतील ठिपक्यांची खरखर. एकाच शेताचे शेजारशेजारचे बिंदू कमीअधिक उजळ दिसतात. पण अनेक बिंदूंची सरासरी काढली की ही खरखर विरते. चार स्वतंत्र नोंदींच्या सरासरीने ती निम्म्यावर येते, सोळांच्या सरासरीने चतुर्थांशावर. त्या बदल्यात प्रतिमेचा बारकावा कमी होतो, इतकेच. दुसरी त्रुटी उपकरणाच्या अंशशोधनातील. रडारचे मापच सरकलेले असेल तर हजारो बिंदूंची सरासरी काढूनही ती जात नाही. युरोपच्या सेंटिनेल-1 मालिकेसाठी ही त्रुटी 1 डेसिबलच्या आत राखण्याचे उद्दिष्ट आहे. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण 1 डेसिबल म्हणजे प्रतिध्वनीच्या शक्तीत सुमारे 26 टक्क्यांचा फरक. उत्पन्नाच्या अंदाजातही तेवढीच चूक होईल असे नाही, परंतु जी काही होईल ती सगळ्या मंडळांत एकाच दिशेने होईल. विम्याचे गणित जोखीम विभागण्यावर उभे असते, आणि ही जोखीम तर विभागलीच जात नाही.

त्यात भरपाईच्या नियमाने भर पडते. उंबरठा उत्पन्नापेक्षा प्रत्यक्ष उत्पन्न जितके टक्के कमी, त्या प्रमाणात भरपाई. त्यापेक्षा वर गेले तर काहीच नाही. खरे उत्पन्न उंबरठ्याच्या 5 टक्के खाली असताना अंदाज 6 टक्के चढा निघाला, तर त्या मंडळातील प्रत्येक विमाधारकाच्या हाती शून्य येते. शिवाय एका हंगामाची तुलना दुसऱ्याशी करताना उपग्रहही बदलतात. सेंटिनेल-1-बी डिसेंबर 2021 मध्ये निकामी झाला, 1-सी डिसेंबर 2024 मध्ये अवकाशात गेला. निर्देशांकाचे आधारवर्ष बदलताना जुनी व नवी मालिका सांधावी लागते, हे अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकतो. येथेही तोच सांधा हवा.

हे अंशशोधन अशक्य नाही. अ‍ॅमेझॉनचे घनदाट अरण्य रडारला सर्वत्र जवळपास सारखेच उजळ दिसते, म्हणून ते मापकाचे काम करते. त्याखेरीज धातूचे तीन पत्रे परस्परांशी काटकोनात जोडून केलेले कोन-परावर्तक जमिनीवर ठेवले जातात. त्यांची उजळी गणिताने आधीच ठाऊक असते. कॅलिफोर्नियातील रोझामंड येथील कोरड्या तळ्यात असे परावर्तक दीर्घकाळ उभे आहेत. परावर्तकाची उजळी कडेच्या लांबीच्या चौथ्या घाताने बदलते, म्हणजे कड 1 टक्का चुकली की उजळी 4 टक्के चुकते. तळाशी पावसाचे पाणी साचले तरी माप बिघडते. म्हणून तेथे छिद्रे ठेवतात.

उपकरणाचे अंशशोधन परदेशात झाले तरी आपल्या भूमीवरील अडचणी शिल्लक राहतातच. सह्याद्रीच्या उतारावरील खाचरांत उपग्रहाकडे तोंड केलेला उतार अकारण उजळ दिसतो. उंचीच्या अचूक नकाशावरून तो दोष दुरुस्त करावा लागतो. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून प्रक्षेपित झालेल्या निसार उपग्रहाच्या एल-पट्ट्यातील लहरी दाट पिकात अधिक खोल शिरतात, ही मोठीच सोय. पण आयनावरणाचा उपद्रव याच लांब लहरींना अधिक होतो, आणि मध्य भारतावर तो पट्टा विशेष प्रभावी असतो.

निसारवर सुमारे दीड अब्ज डॉलर खर्च झाले. भांडवली खर्चाचा समारंभ होतो, आवर्ती खर्चाला वाली नसतो, ही आपल्या अंदाजपत्रकांची जुनी सवय येथे महागात पडेल. ज्या प्रतिमांवरून भरपाई ठरली त्यांची अंशशोधन-त्रुटी व अंदाजाची कमाल-किमान मर्यादा मंडळनिहाय जाहीर व्हावी, आणि उंबरठा त्या मर्यादेच्या आत येत असेल तेथे पीककापणीचा आकडा ग्राह्य धरावा. जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे जाणाऱ्या शेतकऱ्याला हा कागद मागण्याचा अधिकार हवा. कोकणासाठी कर्जत व झाडीपट्टीसाठी सिंदेवाही येथील कृषी संशोधन केंद्रांच्या मोकळ्या जागेत कायमचे परावर्तक उभारता येतील. पावसाळ्यापूर्वी त्यांची कड मोजायला आणि तळाची छिद्रे मोकळी करायला एक माणूस व अर्धा दिवस पुरेल.