प्रवासालाही मार्जिन हवे



पर्युषण आटोपले की आपल्या घरांतून सुटीतील प्रवासाच्या गोष्टी निघू लागतात. विमानाऐवजी जहाजाने एखाद्या जवळच्या परदेशी बेटावर जाता येईल का, अशी पृच्छा काही वाचकांनी केली आहे. उत्तर आहे, श्रीलंका. मात्र मार्ग सांगण्याआधी माझ्या हातून झालेली चूक सांगणे मला अगत्याचे वाटते.

तामिळनाडूतील नागपट्टिणम आणि श्रीलंकेच्या उत्तर टोकाचे कांकेसंतुराई बंदर यांना जोडणारी प्रवासी जहाजसेवा १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली. अंतर सुमारे ११० किलोमीटर, प्रवास साधारण चार तासांचा. तेथून जाफना शहर मोटारीने फार लांब नाही. तसा हा संबंध जुनाच. १९१४ पासून रेल्वेने धनुष्कोडीपर्यंत जावे, तेथून बोटीने तलैमन्नार गाठावे आणि पुन्हा रेल्वेत बसून कोलंबोस जावे, अशी सोय होती. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडी उद्ध्वस्त झाले आणि ती वाट खुंटली.

आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे अण्णांना, या बेटाची ओढ लहानपणापासूनची. वडिलांच्या मसाल्याच्या पेढीत पातळ, पापुद्र्यांची, नाजूक वासाची दालचिनी येई. तिला सारे ‘सिलोनची’ म्हणत. बुधवारी रात्री दुकानाच्या फळ्या लावून झाल्या की रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. माल तिथला, गाणी तिथून येणारी. पण पेढी सोडून अण्णा दोन दिवसांच्या वर कोठे गेले नाहीत. मी निवृत्त झाल्यावर ठरवले की त्यांना तेथे न्यायचेच.

बेत मी आखला. महिना आश्विन, कारण त्यानंतर दिवाळी आणि वहीपूजन. एकूण सहा दिवस, एकही मोकळा नाही. तिकिटे, मुक्काम, परतीचे आरक्षण सारे एकमेकांस चिकटवलेले. त्या कागदाचा मला अभिमान वाटला होता. आम्ही नागपट्टिणमला पोहोचलो आणि समुद्र खवळल्यामुळे जहाज सुटणार नाही असे कळले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी, तर वहीपूजनाआधी घरी पोहोचणे अशक्य. दोघे किनाऱ्यावर उभे राहिलो. अण्णा पाण्याकडे पाहत म्हणाले, “तुमच्या बँकेत मालतारण कर्ज देताना पंचवीस टक्के मार्जिन ठेवायचास ना रे? मग इथे का नाही ठेवलंस?” मजजवळ उत्तर नव्हते. आम्ही तसेच परतलो.

चूक समुद्राची नव्हती. मुंबईचा पाऊस परतू लागतो त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील वादळांचा काळ. ही सेवादेखील २०२३ मध्ये याच पावसापायी काही दिवसांतच थांबली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. हे सारे मला आधी पाहता आले असते. आपल्या सुटीच्या सोयीने मी महिना निवडला, समुद्राच्या सोयीने नाही.

आता नव्याने आखणी केली आहे, ती आपल्याही उपयोगी पडावी.

जाण्यासाठी फेब्रुवारी-मार्च बरा. जाताना व येताना एकेक दिवस पूर्ण राखीव ठेवावा. वेळापत्रक बदलते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा खात्री करावी. परतीला जहाज न मिळाल्यास जाफना ते चेन्नई विमानाची चौकशी आधीच करून ठेवावी. मुक्काम आरक्षित करताना रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, हे वाचूनच रक्कम भरावी.

पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेची प्रवेश-परवानगी ऑनलाइन, निघण्यापूर्वी घ्यावी. शुल्काचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून केवळ सरकारी संकेतस्थळ पाहावे. भारतीय चलनी नोटा माणशी पंचवीस हजार रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात; व्यापारी माणसाला रोकड जवळ बाळगण्याची सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतो. बाकीचे परकीय चलन अधिकृत ठिकाणीच घ्यावे आणि पावती जपावी. विमा उतरवताना समुद्रप्रवास व खोळंबा त्यात येतो का, ते विचारावे.

आहाराविषयी विशेष दक्षता हवी. जाफना भागात ‘सैवम’ म्हटले की शाकाहार समजतो. परंतु बेटावर इतरत्र नारळाच्या चटणीत, कधी भाजीतही, वाळवलेल्या मासळीचा चुरा घालतात. ताट पाहून तो ओळखू येत नाही. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, मासळीचा चुराही नको हे स्पष्ट सांगावे. कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तेही आधीच कळवावे. जहाजास उशीर झाला तर सूर्यास्तापूर्वीचे भोजन चुकते; खाखरे, भाजलेले पोहे, सुका मेवा हाताशी असावा. ज्यांना बोट लागते त्यांनी हलके खावे व वैद्यांच्या सल्ल्याने औषध घेऊन चढावे. घड्याळ मात्र बदलावे लागत नाही, दोन्हीकडे वेळ एकच.

अण्णा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, आणि पुन्हा कधी जमेल याची शाश्वती मी देऊ शकत नाही. नवा कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून प्रत्येक तारीख तपासली. सहाचे नऊ दिवस झाले होते. पुतण्या म्हणाला, “पेढी मी सांभाळतो, तुम्ही जा.” अण्णांनी दोन राखीव दिवसांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि म्हणाले, “हिशेब आत्ता जुळला.”

जय जिनेंद्र.