काका, आता एन्जॉय!

निवृत्त झाल्याचं या सदरात लिहिलं, ही घोडचूक झाली. तेव्हापासून भेटेल तो एकच हुकूम सोडतोय. बँकेतली मुलगी पेन्शनच्या फॉर्मवर शिक्का मारता मारता म्हणाली, "काका, आता मस्त एन्जॉय करा." मेव्हण्याने बालीचं पॅकेज पाठवलं. वाण्याकडे पाव किलो पोहे मागितले, तर तोही तेच म्हणाला. पोह्यांत काय एन्जॉय करणार?

तरी प्रामाणिकपणे करून पाहिलं. सोमवारी दहापर्यंत लोळलो, मंगळवारी वेब सीरिजचे सहा भाग संपवले. बुधवारी बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, "कसकस आहे का?"

परवा कर्वे रस्त्यावर सिग्नलला अडकलो, तर समोर फ्लॅटच्या जाहिरातीत पिकल्या केसांचं जोडपं झोपाळ्यावर. आणि रस्त्याला नाव कुणाचं? फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हिंगण्याच्या आश्रमात पायी जाणाऱ्या धोंडो केशवांचं! १९१४ साली ते कॉलेजातून मोकळे झाले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, १९३६ मध्ये अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ, १९४४ मध्ये समता संघ. जगले १०४ वर्षं. झोपाळ्यावर कधी बसले असतील कोण जाणे.

महर्षी व्हायचा माझा बेत नाही, गुडघे परवानगी देत नाहीत. मला आठवले ते आमच्या तळमजल्यावरचे आजोबा. वय ब्याऐंशी. सोसायटीच्या पाण्याची चावी पहाटे साडेपाचला तेच फिरवतात. आधी अर्धा फेर, पाइपातली हवा सुटली की उरलेला, नाहीतर चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही. मुलाने हौसेने अमेरिकेला नेलं, तर तिकडून रोज वॉचमनला फोन, "बी विंगला आलं का?" दोन महिन्यांसाठी गेलेले पाच आठवड्यांत परत. मागच्या मीटिंगमध्ये कमिटीने आजोबांना आराम म्हणून टायमर बसवायचा ठराव आणला. ते न बोलता उठून गेले. मी विरोधात हात वर केला आणि कारण दिलं खर्चाचं.

काल पहाटे खाली गेलो. म्हटलं, "आजोबा, मलाही शिकवा की. तुम्ही गावाला गेलात तर उपयोगी पडेन."

त्यांनी चावी पाठीमागे घेतली, मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू रिटायर झालास ना? मग एन्जॉय कर की."