तीन अक्षरांच्या आड

'त्यांनी व्ही.आर.एस. घेतली.' गेल्या तीन-साडेतीन दशकांत हे वाक्य महाराष्ट्राच्या कामगार वस्त्यांत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्यातील विपरीतपणा आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. गिरणी बंद पडली, खाते मोडीत निघाले, पन्नाशीच्या आतच माणूस घरी बसला. आणि हे सारे घडवून आणणारा कोण? व्याकरणाच्या हिशेबाने तो स्वतःच! 'कामावरून काढले' या वाक्यात काढणारा कोणीतरी गृहीत असतो. तो कोण, हे निदान विचारता येते. 'व्ही.आर.एस. घेतली' या वाक्यात कामगार हाच कर्ता होतो आणि मालक वाक्यातूनच नाहीसा होतो. तीन इंग्रजी अक्षरांची ही किमया केवळ भाषेपुरती असती, तर तिची चर्चा साहित्य संमेलनावर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु ती कायद्याची किमया आहे, पैशाची आहे आणि म्हणूनच राजकारणाची आहे.

व्ही.आर.एस. म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना. केंद्र सरकारने सार्वजनिक उद्योगांसाठी ती १९८८ साली आखली आणि १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणात ती नित्याची झाली. यातला 'स्वेच्छा' हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार कपात' या संज्ञेची व्याख्या होती, आणि कामगाराने स्वेच्छेने पत्करलेली निवृत्ती त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली होती. कपात म्हटली की मालकावर बंधने येत. नोटीस द्यावी लागे. सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागे. जो शेवटी आला त्याला आधी काढावे लागे. पुढे भरती निघाली तर काढलेल्यांना अग्रक्रम द्यावा लागे. १९८२ च्या दुरुस्तीने तर शंभर वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली. तीच माणसे, तितकीच माणसे, 'स्वेच्छेने' गेली की यांतील एकही बंधन लागू होत नसे. व्ही.आर.एस.ची रक्कम कायदेशीर भरपाईहून पुष्कळदा मोठी असे, हे मान्य. पण ती हक्कांची किंमत होती, आणि आपण नेमके काय विकतो आहोत हे विकणाऱ्याला कोणी सांगत नव्हते.

स्वेच्छा तरी कशी? पगार थकवायचा, खाते बंद ठेवायचे, यंत्रे हलवायची, आणि मग कामगारापुढे छापील अर्ज ठेवून विचारायचे: तुमची इच्छा काय? बुडत्या माणसाने काठीचा आधार घेतला, तर त्याने काठी 'पसंत केली' असे कोणी म्हणत नाही. १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीचा गाजावाजा कामगारांच्या पुनर्प्रशिक्षणासाठी झाला. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग व्ही.आर.एस.वरच खर्ची पडला. जानेवारी २०२० च्या अखेरीस भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या दोन सरकारी कंपन्यांतून सुमारे ९२ हजार कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. त्याआधी कित्येक महिने तेथील पगार वेळेवर होत नव्हते. एका दिवशी ९२ हजार माणसांना एकच इच्छा होते, हा चमत्कार पुराणातही सापडायचा नाही.

काही सुशिक्षित मित्र म्हणतील, लघुरूपांवर एवढा राग कशासाठी? त्याने वेळ वाचतो, कागद वाचतो, साऱ्या जगात हीच रीत आहे. शिवाय भाषेचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न नव्हे. यातला पहिला मुद्दा खरा आहे आणि दुसरा साफ चुकीचा. लांब नाव आखूड करण्यात गैर काही नाही. गैर आहे ते हे की ज्याच्या पोटावर त्या नावाचा पाय पडणार आहे, त्याला मूळ नाव कधी कळूच द्यायचे नाही. ज्यांना अक्षरांचा विस्तार ठाऊक असतो त्यांच्यासाठी लघुरूप ही सोय असते. ज्यांना तो ठाऊक नसतो त्यांच्यासाठी तो पडदा असतो. त्या पडद्याआड काय काय घडते, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. मुंबईच्या गिरणगावाचा स्वातंत्र्योत्तर इतिहास अशा तीन-तीन अक्षरांतच सांगता येतो.

पहिली अक्षरे बी.आय.आर. म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. नावात 'संबंध' असला तरी या कायद्याने एका क्षेत्रातील एका उद्योगात एकाच संघटनेला 'प्रातिनिधिक' ठरवले आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा मक्ता तिला दिला. हे प्रतिनिधित्व गुप्त मतदानाने नव्हे, तर नोंदवहीतील सभासदसंख्येवर ठरे. मुंबईच्या कापड गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा अशीही त्यांची मागणी होती. ही गोष्ट विसरता कामा नये. बी.आय.आर. या अक्षरांचा अर्थ गिरणी कामगाराने अनुभवाने सोडवलेला होता: आपला पुढारी आपण निवडायचा नाही. अर्थ उलगडला म्हणून त्या तीन अक्षरांविरुद्ध लढा उभा राहू शकला.

दुसरी अक्षरे एन.टी.सी. म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. आजारी गिरण्या चालवण्यासाठी १९६८ साली ते स्थापन झाले आणि १९८३ साली मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन त्याच्याकडे आले. राष्ट्रीयीकरणाची मागणी करणाऱ्यांना तेव्हा आनंद वाटला असल्यास नवल नाही. पुढे एकेका गिरणीतील चाती थांबली, आणि २००५ साली याच महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटी रुपयांना गेली. या पैशातून इतर गिरण्यांचे आधुनिकीकरण करायचे आणि कामगारांची व्ही.आर.एस. भागवायची, असा हिशेब मांडला गेला. म्हणजे कामगाराला घरी बसवण्याचा खर्च त्याच्याच गिरणीच्या जमिनीतून! वस्त्र संपले, उद्योग संपला, महामंडळ तेवढे जमीन विकायला उरले. दर वेळी पूर्ण नाव उच्चारावे लागले असते तर ही विसंगती शाळकरी पोरानेही ओळखली असती. तीन अक्षरांनी ती सुखाने झाकली.

तिसरी अक्षरे डी.सी.आर. म्हणजे विकास नियंत्रण नियमावली. १९९१ च्या या नियमावलीतील नियम ५८ अन्वये गिरणीची जमीन विकसित करताना साधारणपणे एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी होती. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी सबंध जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची झाली. गिरणीची जमीन ती, बहुतेक इमारतींनीच व्यापलेली. वाटायला उरणार किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. 'डी.सी.आर. अठ्ठावन्नमध्ये दुरुस्ती' एवढे ऐकून लालबाग-परळच्या चाळींतील कोणाचे काळीज धसकणार होते? 'गिरणीच्या जमिनीतील लोकांचा वाटा घटवला' असे सरळ मराठीत सांगितले असते, तर दुसऱ्या दिवशी रस्ता अडला असता. घरांसाठी कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी पुढे लाखाहून अधिक अर्ज भरले. २०१२ च्या सोडतीत घरे निघाली ६,९२५.

चौथी अक्षरे एफ.एस.आय. याचे मराठी भाषांतर 'चटई क्षेत्र निर्देशांक' असे झाले आहे, आणि नकळत का होईना, ते मोठे मार्मिक आहे. ज्या गिरणगावात एकाच खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत, एकाची रात्रपाळी संपली की दुसऱ्याच्या जागेवर त्याची चटई पडे, त्याच भूमीवर मनोरे उभे करणाऱ्यांचे भांडवल 'चटई क्षेत्र' या नावाने मोजले जाते. चटई शब्दात राहिली. तीवर झोपणारा मात्र डोंबिवली-विरारच्याही पलीकडे गेला, नाहीतर कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी परतला.

आता उलट बाजूही पाहू. लघुरूपे आपल्याकडेही होती आणि आहेत. प्रसोप, संसोपा ही नावे खेडोपाडीच्या शाखांत सहज उच्चारली जात. पक्ष फुटले, पुन्हा जुळले, तशी अक्षरे बदलली, पण त्या अक्षरांत 'समाजवाद' आहे हे झेंडा धरणाऱ्या पोराला ठाऊक असे. याहून मोठे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. १९७२ च्या दुष्काळात रुजलेल्या, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेला कायद्याचे रूप आले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. सचिवालयाच्या इंग्रजी कागदांत तिची ई.जी.एस. झाली. पण खडी फोडणाऱ्या बायांनी ती अक्षरे उचलली नाहीत. त्यांच्या तोंडी शब्द राहिला तो 'हमी'चा. पुढे 'रोहयो' हे लघुरूप रूढ झाले तेही मराठी, आणि त्यातही हमीचा 'ह' शाबूत. काम मागितल्यावर ठरल्या मुदतीत ते मिळाले नाही, तर बाई तहसीलदाराला विचारू शकत होती: हमी कुठे गेली? ज्या अक्षरांतून हक्क बाहेर काढता येतो ती अक्षरे आपली; ज्यांत हक्क पुरला जातो ती परक्यांची. ती कोणत्या लिपीतली, हा प्रश्न दुय्यम आहे.

हा सारा पाढा गिरणगावाच्या आठवणी काढण्यासाठी वाचलेला नाही. आज नवी अक्षरे दारात उभी आहेत: एफ.टी.ई., म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी. केंद्राने २०१६ साली तयार कपड्यांच्या उद्योगात तिला वाट करून दिली, २०१८ साली सर्व उद्योगांत, आणि २०२० साली संमत झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तिला कायम जागा मिळाली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतके वेतन आणि वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी नव्या संहितांनी देऊ केली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मुदत संपली म्हणून नोकरी संपली, तर ती 'कपात' धरायची नाही, हेही त्याच संहितेच्या व्याख्येत लिहिले आहे. पूर्वी ज्या फटीतून 'स्वेच्छा' शिरली, तिथूनच आता 'मुदत' शिरते आहे. फरक एवढाच की व्ही.आर.एस.साठी निदान सही घ्यावी लागे, घासाघीस होई, रक्कम ठरे. मुदतीच्या माणसाची सही कामावर येण्याच्या दिवशीच घेऊन ठेवलेली असते. भरीला, कपातीसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा या संहितेने शंभरवरून तीनशे कामगारांवर नेली आहे.

आणि गंमत अशी की याच तीन अक्षरांचा खासगी कंपन्यांच्या कचेऱ्यांतील अर्थ नेमका उलटा आहे. तेथे एफ.टी.ई. म्हणजे पूर्णवेळ कर्मचारी! एकाच अक्षरांनी एका टेबलावर कायमची नोकरी आणि दुसऱ्या टेबलावर तात्पुरती. नोकरीच्या पत्रावर ही अक्षरे वाचून हरखणाऱ्या तरुणाला त्यांचा कोणता अर्थ लागू आहे, हे कोण सांगणार? कंपनी सांगणार नाही. ते काम संघटनेचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. पहिली, कामगारांच्या सभेत आणि पत्रकात कोणतेही लघुरूप त्याच्या पूर्ण मराठी अर्थाशिवाय येऊ देऊ नये. दुसरी, ज्या करारात अशी अक्षरे आहेत त्यावर, त्यांचा विस्तार आणि त्याचे परिणाम मराठीत लिहून मिळाल्याशिवाय, सही करू नये. ही मागणी अवाजवी नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत आदेश फलकावर लावण्याचे बंधन मालकांवर घातले होते. परक्या राजवटीत जे तत्त्व मान्य झाले ते स्वराज्यात मागायला संकोच कसला? तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत अवघड: वाक्यात कर्ता परत आणावा. 'इतक्यांनी व्ही.आर.एस. घेतली' असे म्हणू नये. 'कंपनीने इतक्यांना घालवले' असे म्हणावे. 'इतक्यांची मुदत संपली' असे म्हणू नये. 'मालकाने इतक्यांना पुन्हा घेतले नाही' असे म्हणावे.

असे बोलल्याने एकही गिरणी पुन्हा सुरू होणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या अन्यायाला करणारा नाही त्याच्याविरुद्ध मोर्चा न्यायचा कोणाच्या दारावर? लढ्यापूर्वी प्रतिपक्षाचे नाव घ्यावे लागते, आणि ते नाव तीन अक्षरांचे कधीच नसते.