काळीचा दावा भरला, पांढरीचा कोण भरणार?



मागच्या पंधरवड्यात किनवट भागातल्या आपल्या एका गावात पाया खोदायचे काम बंद पाडले गेले. गावाचे नाव आम्ही मुद्दाम छापत नाही, त्या घरच्यांना अजून तिथेच राहायचे आहे. कूड पडायला आला होता. पावसाच्या आत चार भिंती उभ्या कराव्या म्हणून त्यांनी जुन्या जोत्यावरच दोरी धरली, हातभर खोदले, तेवढ्यात वर्दीतला माणूस येऊन उभा राहिला. म्हणाला, "झोपडी ठेव, कोण नाही म्हणतं? पण पाया भरायचा नाही. पाया भरला की पक्कं अतिक्रमण होतं." कुदळ, फावडे, टोपले उचलून नेले. पंचनामा नाही, पावती नाही.

झोपडी चालते, पाया चालत नाही! म्हणजे आदिवासी जंगलात राहिला तर राहू दे, पण उद्या सकाळी उठवता येईल असाच राहिला पाहिजे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. 2006 च्या वन हक्क कायद्यात कलम 3 मध्ये पहिलाच हक्क लिहिला आहे तो वनजमिनीवर राहण्याचा आणि ती कसण्याचा. राहणे म्हणजे कुडातच राहणे, असे त्यात कुठेही नाही. कलम 4(5) सांगते की दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही ताब्यातल्या जमिनीवरून हटवता येणार नाही. आणि 1 जानेवारी 2008 पासून जे नियम लागू झाले, त्यातला नियम 13 काढून बघा. पुराव्यांच्या यादीत घर आहे, झोपडी आहे, बांधबंदिस्ती आणि सपाटीकरण आहे. वर्दीवाला ज्याला गुन्हा म्हणतो, त्यालाच कायदा पुरावा म्हणतो. म्हणून तर पायावर एवढा राग! कूड वाळवी खाते, आगीत जातो, हत्तीपाय लावून एका दिवसात पाडताही येतो. जोत्याचे दगड मात्र जागचे हलत नाहीत.

पण साथींनो, चूक आपलीही आहे, आणि ती आपल्याच पत्रकात लिहिली पाहिजे. आम्ही गावोगावचे भरलेले अर्ज पाहिले. नमुना 'अ' मध्ये ताब्यातल्या जमिनीचे दोन वेगळे रकाने आहेत, एक राहण्यासाठी आणि एक कसण्यासाठी. दहातल्या आठ-नऊ जणांनी शेताचे एकर-गुंठे लिहिले आणि घराचा रकाना कोरा सोडला. काहून? तर "घर तर आहेच की, त्याचा काय दावा करायचा?" म्हातारी माणसे काळी आणि पांढरी दोन्हीचा मान ठेवायची. काळीत पिकते, पांढरीत माणूस राहतो. आपण काळीचा दावा भरला आणि पांढरी सरकारला आंदण दिली.

दुसरी गोष्ट कडू आहे. या उन्हाळ्यात काही जणांनी नवे रान तोडून तिथे पाया आखला आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा असेल तरच हक्क मिळतो. नव्या तोडीवरचा पाया पुरावा होत नाही, उलट त्याच्याकडे बोट दाखवून जुन्या, खऱ्या दाव्यांनाही खोटे म्हणतात. हे थांबवा. गावाने थांबवा, वर्दीवाला येण्याची वाट पाहू नका.

पाया कशाला लागतो हे साहेब लोकांना ठाऊक नाही असे थोडेच आहे? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशी फाटते. तिच्यावर भिंत टेकवली की दोन पावसांत तडा. मुरूम लागेपर्यंत खोदावेच लागते. इंदिरा आवासचे पैसे 1 एप्रिल 2008 पासून 25,000 चे 35,000 झाले होते, आणि त्या योजनेत ठेकेदार घालायचा नाही, ज्याचे घर त्याने बांधायचे, असा नियम होता. चांगला नियम होता. पण एका टेबलावर म्हणतात घर बांध, दुसऱ्यावर म्हणतात जागेचा कागद आण, आणि कागद ज्याच्यावरून मिळायचा तो पायाच खोदू देत नाहीत.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे माळवद झोपेतल्या माणसांवर आले, हजारो गेली. (यातून आपणही शिका, पक्के म्हणजे नुसते जड नव्हे. कोपरे नीट बांधा, छत हलके ठेवा.) त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडची पन्नासेक गावे सरकारने नव्या जागी वसवली. आधी जागा दिली, मग पाया घातला. ते योग्यच झाले. पण मनात आले की सरकारला गावेच्या गावे वसवता येतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. आम्ही तर नवी जागा मागतच नाही. बापजाद्यांनी चूल मांडली तीच जागा मागतो.

ज्यांचा घराचा रकाना कोरा आहे त्यांनी वन हक्क समितीकडे लेखी दुरुस्ती द्यावी आणि पोच घ्यावी. घर, अंगण, गोठा, परसू सगळे दोरीने मोजा. जुने जोते उकरण्याआधी समितीला बोलवा, वनखात्याला लेखी कळवा, पंचनामा करा, गावातल्या दोन म्हाताऱ्यांचा जबाब लिहून अंगठे घ्या. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, तेव्हा मोजणीला बायांनीही हजर राहावे. सारवलेली जमीन कुठवर आहे हे त्यांनाच नीट सांगता येते.

आणि कुदळ-फावडे नेले तर पावती मागा. देत नसतील तर तारीख, वेळ आणि पाहणाऱ्यांची नावे त्याच दिवशी ग्रामसभेच्या वहीत लिहा.