‘साहेबांचा स्वभावच तसा!’

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सरकारी कचेऱ्यांत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘साहेबांचा स्वभावच तसा, मनावर घेऊ नका.’ वयाने वडील असलेल्या लिपिकाला चारचौघांत अरे-तुरे करणे, फाईल टेबलावर भिरकावणे, रजेचा अर्ज घेऊन आलेल्या वनरक्षकाला तासभर दाराशी उभे ठेवणे, रात्री-अपरात्री फोन करून घरची कामे सांगणे, या साऱ्यांची बोळवण याच एका वाक्याने होते. वाक्य सांत्वनाचे दिसते. प्रत्यक्षात ते अरेरावीला अभय देते. हेच साहेब मंत्र्यांसमोर कधी आवाज चढवीत नाहीत. याचा अर्थ, स्वभावाला आवर घालता येतो हे त्यांना पुरते ठाऊक असते. तेव्हा प्रश्न स्वभावाचा नाही, अधिकाराच्या वापराचा आहे.

मराठी माणूस आईला ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो. म्हणून एकेरी संबोधनात अपमान कसला, असा युक्तिवाद केला जातो. त्याला उत्तर सोपे आहे. ज्या ‘तू’ला उलट ‘तू’ म्हणण्याची सोय नसते, तो आपुलकीचा नसतो, हुकमतीचा असतो.

या भागात ही हुकमत अधिक जाचक होण्यास कारणे आहेत. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा शासनाच्या लेखी दीर्घकाळ ‘शिक्षेची नेमणूक’ ठरला. शिक्षा भोगायला आलो या भावनेने जो अधिकारी येतो, तो आपला राग हाताखालच्यांवर काढतो. हाताखालचा माणूस आडवळणाच्या गावी, जंगलातील नाक्यावर, कुटुंबापासून दूर असतो. त्याची रजा, प्रवासभत्ता, बदलीची शिफारस आणि वार्षिक अहवाल या चारही दोऱ्या एकाच हातात असतात. अशा ठिकाणी उद्धट शब्द हा केवळ शब्द राहत नाही. त्यामागे धमकी उभी असते.

तिचे टोक कोठवर जाते, हे विदर्भाने पाहिले आहे. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपले जीवन संपविले. त्यांनी मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून झालेल्या छळाची आणि अपमानाची तक्रार होती. वर दाद मागूनही उपयोग झाला नाही, ही व्यथाही होती. कोणाचा दोष किती, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु एक गोष्ट निकालाची वाट न पाहता सांगता येते. जी अधिकारी स्वतः इतरांवर अधिकार चालवीत होती, तिलाही दाद मागण्यास विश्वासाची जागा उरली नाही. मग साध्या वनरक्षकाची काय कथा? २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाविरुद्ध समित्या आल्या, हे योग्यच झाले. मात्र ज्या अपमानाला लैंगिक स्वरूप नाही, तो आजही बहुधा ‘स्वभाव’ या सदरात जमा होतो. उलट, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली संमत केलेला १९० क्रमांकाचा करार कामाच्या जागी एकदाच घडलेल्या छळाचीही दखल घेतो.

मग करावे काय? आवाजाला आवाज हे उत्तर नव्हे. त्याने शिस्तभंगाचे निमित्त साहेबांच्या हाती आयतेच पडते. पहिली पायरी खाजगीत, आदरार्थी परंतु स्पष्ट बोलण्याची : ‘साहेब, काम चुकले असेल तर लेखी विचारा, लोकांसमोर असे बोलू नका.’ येथे आक्षेप कृतीवर असावा, माणसावर नसावा. कित्येकदा एवढ्याने भागते, कारण आजवर कोणी बोललेलेच नसते. न भागल्यास तारीख, वेळ, उच्चारलेले शब्द आणि हजर असलेल्यांची नावे टिपून ठेवावीत. तोंडी हुकूम लेखी मागावा. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतच तोंडी आदेश शक्यतो टाळावेत आणि दिल्यास त्यांना लेखी दुजोरा द्यावा, असे म्हटले आहे. गोपनीय शेऱ्याचे भयही पूर्वीइतके बाळगण्याचे कारण नाही. देवदत्त प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अहवालातील प्रत्येक नोंद संबंधित कर्मचाऱ्याला कळविली पाहिजे, असा निर्णय दिला आहे.

परंतु खरी पायरी यापुढची आहे. एकट्याचे गाऱ्हाणे ‘वैयक्तिक वैर’ म्हणून फेटाळता येते. संघटनेने पुराव्यानिशी मांडलेला प्रश्न तसा फेटाळता येत नाही. महागाईभत्त्यासाठी मोर्चे काढणाऱ्या संघटनांनी सन्मानाचा प्रश्न दुय्यम मानला, ही त्यांची मोठी उणीव आहे. ज्याचा अपमान झाला त्याच्या शेजारी त्याच दिवशी दोन सहकारी जाऊन उभे राहिले, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

आणि हा न्याय खालपर्यंत पोचला पाहिजे. साहेबांचे बोल ऐकून आलेला वनपाल तोच शब्द रोजंदारीवरील वनमजुराला ऐकवतो. त्या मजुराला ना अहवाल, ना वर्तणूक नियम. उद्या कामावर बोलावले नाही की संपले. कायम नोकरांची संघटना या मजुराच्या बाजूने उभी राहते की नाही, यावरच तिची कसोटी आहे. हीच कसोटी पक्षाच्या तालुका कचेरीलाही लागू आहे. सभेत समतेवर बोलणारा पुढारी सतरंज्या घालणाऱ्या कार्यकर्त्याला कसा हाक मारतो, हे लोक पाहत असतात. तेथेही ‘भाऊंचा स्वभावच तसा’ असे म्हणून गप्प बसणे कार्यकर्त्यांनी आता सोडले पाहिजे.